झडीतला फाटा

गाव सोडलं त्या दिवशी आम्ही आमच्या घराचा दरवाजा मेटॅडोरमध्ये टाकून नेला, चौकटीसकट. खाणीसाठी गाव जाणार होतं, घरं पाडायला यंत्रं येणारच होती. तेव्हा ज्याचं लाकूड त्यानं काढून न्यावं असं ठरलं आणि सगळं गाव आपापल्या घरावर चढलं. तुम्हाला आठवत असेल. छपरावरचे कवेलू उतरवून रचले, आडे दोरीनं बांधले, खिडक्या गजांसकट उपटल्या. संध्याकाळपर्यंत नुसत्या भिंती उरल्या आणि त्यांच्या भोकांमधून एका घरातलं दुसऱ्या घरात दिसायला लागलं. रस्त्यापलीकडच्या काकूंनी त्यांच्या स्वयंपाकघरातून आमच्या मायला विचारलं, "झालं का वं बांधून?" ते इतकं जवळून ऐकू आलं की दोघीही दचकल्या. एवढ्या वर्षांत त्यांना एकमेकींशी ओरडून बोलायची सवय होती.

माय मेटॅडोरच्या मागच्या बाजूला, त्या चौकटीला टेकून बसली. म्हणाली, "दार हाय न संगं. मंग घर बी होईन कुठीतरी." ते दार आता नागपुरात मनीषनगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत आडवं पडलं आहे आणि माझी बायको त्यावर पापड वाळवते.

आता हे लिहायला बसलो त्याचं कारण तो शनिवार. आपल्या गावच्या ग्रुपवर त्या दिवसाच्या इतक्या कहाण्या फिरल्या की त्यातली मायची कुठली हे मलाच ओळखू येईना. उमरेडच्या पुनर्वसन कॉलनीत राहिलेल्यांपैकी एकानं लिहिलं की मायचं डोकं काम करत नाही, डॉक्टरला दाखवा. पुण्याला गेलेल्या एकानं जप सुचवला. दोघांचेही आभार. मायचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा बरं चालतं, आणि जप ती रोज करतेच. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगतो. त्यातलं मला काय कळलं नाही तेही सांगतो.

आठवडाभर मी कळमेश्वरच्या एमआयडीसीत असतो. सकाळी कंपनीची गाडी नेते, अंधार पडता पडता आणून टाकते. माय दिवसभर फ्लॅटमध्ये. सुरुवातीचे कितीतरी महिने ती दुपारी एका ठरावीक वेळेला हातातलं काम टाकून गॅलरीत जाऊन उभी राहायची. बायकोला वाटायचं, ऊन घेते. मला पाहताक्षणी कळलं. गावात ती खाणीतल्या सुरुंगाची वेळ होती. भोंगा वाजला की आपण सगळे घराबाहेर येऊन अंगणात उभे राहायचो, भिंत पडली तर अंगावर नको म्हणून. मनीषनगरात भोंगा नाही, सुरुंग नाही. पण तेवढा वेळ माय तिसऱ्या मजल्यावर, छताखालून बाहेर येऊन थांबायची, मग आत येऊन राहिलेली भाजी निवडायची.  

शनिवार-रविवार मात्र मायचा. एक शनिवार सोडून एक शनिवार ती उमरेडला माझ्या बहिणीकडे जाते आणि तिला न्यायचं काम माझं. उघडीप असली तर स्कूटरवर निघतो, वाटेत चहा घेतो, गप्पा मारत जातो. नागपूरच्या माणसाला ऊन कळतं. मे महिन्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळून तो भर दुपारी लग्नाला जाईल. पण आभाळ भरून आलं की त्याचं अवसान जातं. आणि झड लागली की विचारूच नका. झड म्हणजे मुसळधार नव्हे, वाजत-गाजत येणारा पाऊस नव्हे. ती बारीक असते, दिवसचे दिवस लागून राहते. सूर्य कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं एकाच राखाडी रंगाचं. कपडे वाळत नाहीत, मीठ ओलं होतं, शेजाऱ्यांचा टीव्ही भिंतीतून ऐकू येतो. अशा शनिवारी स्कूटर घरी ठेवावी लागते. माझी ठेवावी लागते तशी सगळ्यांचीच, आणि मग ते सगळे एसटीत येतात.

त्या शनिवारी झड लागून बरेच दिवस झाले होते. मी मायला म्हणालो, "आज राहू दे वं, पुढच्या शनिवारी जाऊ." माय म्हणाली, "पुढच्या शनवारी ऊन पडीन असं तुले लेहून देल्लं हाय का कोनं?" झालं. आम्ही ऑटोनं दिघोरीच्या बस थांब्यावर आलो. माय केस भिजू देत नाही, म्हणून कापडाच्या दुकानाची एक पिवळीजर्द प्लास्टिकची पिशवी मी तिच्या डोक्याला बांधून दिली. मी आपला डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळला, अर्ध्या नागपूरनं गुंडाळलेला असतो तसा.

दिघोरीला गाडी येते तीच भरून येते. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर पाय ठेवायला जागा नसते. दारातल्या लोकांनी मायला वर ओढून घेतलं, कॉलेजच्या एका मुलीनं उठून तिला पुढे दाराजवळची जागा दिली, आणि मला मागून आलेल्या लोंढ्यानं थेट शेवटच्या बाकापर्यंत नेऊन सोडलं. मायची सामानाची पिशवी माझ्या हातात राहिली. तिचा मोबाईलही त्यातच.

खिडक्या बंद होत्या, काचा आतून श्वासांनी धुरकटलेल्या. बाहेरून कोळशाचे ट्रक जात, त्यांच्या चाकाचं काळं पाणी काचांवर उडे, आणि प्रत्येक ट्रकसरशी गाडीत थोडा अंधार वाढे. भर दुपारी ड्रायव्हरनं आतले दिवे लावले. त्या पिवळट उजेडात सगळ्यांचे चेहरे एकसारखे दिसत होते. एरवी आपल्या गाडीत केवढा कालवा असतो! कोणी कोणाच्या पोरीचं लग्न जमवतं, कोणी कंडक्टरशी भांडतं. त्या दिवशी कोणी बोलत नव्हतं. ओल्या कपड्यांचा वास आणि वायपरचा आवाज, एवढंच. मला ते बरं वाटत नव्हतं. मी माणसांच्या फटीतून पुढे पाहत राहिलो आणि मला मायची पिवळी पिशवी दिसत राहिली. ती दिसली की बरं वाटायचं.

मग तो डोंगर आला. तुम्ही बाहेर गेलेल्यांनी तो पाहिला नसेल. खाणीतून काढलेली वरची माती टाकून टाकून झालेला डोंगर आहे, आता त्यावर बाभळी उगवल्या आहेत. ती आपली माती आहे. आपली वावरं, विहिरींच्या कडा, मारुतीसमोरचं पटांगण सगळं त्यात आहे, पण कुठलं कोणाचं ते आता सांगता येत नाही. झडीत त्याचा वरचा भाग दिसत नव्हता. खालचा काळपट पायथा काचेच्या एका पुसलेल्या ठिकाणातून बराच वेळ आमच्याबरोबर चालत राहिला.

डोंगर संपला की आपला फाटा. फाट्यावर गाव नाही, कोणाचं घर नाही, पडका शेड आहे फक्त. पण कंडक्टर अजून गावाचं नाव घेऊन पुकारतो आणि एखाद-दुसरा माणूस उतरतोही. गाडी थांबली. दारातले लोक उतरणाऱ्याला वाट द्यायला खाली उतरले, पुन्हा वर चढले, जसं नेहमी करतात. घंटी वाजली. मी मान उंच करून पाहिलं. पिवळी पिशवी जागेवर होती.

उमरेडच्या स्टँडवर गाडी रिकामी होऊ लागली तसा मी पुढे सरकत गेलो. पिवळी पिशवी खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी मागून खांद्याला हात लावला, "चाल वं माय." ती वळली, आणि ती माय नव्हती.

माझ्याच वयाची कोणी बाई होती. डोक्याला आमची पिशवी, मी घातलेल्या गाठीसकट.  ती म्हणाली, "तुमच्या मायनं देल्ली जी. खिडकी गळून रायली होती, सप्पा पानी माह्या डोक्शावर. थे म्हने, घे वं बाई, तुले जास्त कामाची हाय. लय चांगली हाय तुमची माय."

"कुठी हाय थे?"

"थे त मागंच उतरली न, फाट्यावर." आणि मग, हे सांगायलाच हवं अशा सुरात, "म्हने, माहा पोरगा उतरला."

 त्या फाट्यापासून आपला जुना रस्ता सरळ खाणीच्या कडेला जातो आणि तिथे तुटतो. मी एकटाच उतरलो, हे पाहून बाहेर मोटारसायकल घेऊन उभा असलेला राजू, बहिणीचा नवरा, धावत आला. "काहून गा भाऊ, माय कुठी?" मी म्हणालो, "फाट्यावर."  त्यानं गाडी वळवली आणि मी मागे बसलो.

जुन्या रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी दांडा आडवा लावलेला आहे आणि एक टिनाची खोली, तिथे पहारेकरी असतो. डोक्यावर रेनकोटची टोपी ओढून तो बाहेर आला. मी म्हातारी बाई विचारताच म्हणाला, "गेली ना इधरसे. म्या अडवलं, त म्हने माहा पोरगा पुढं हाय. होता बी एक जण पुढं, डोक्शाले दुपट्टा बांधलेला. बाई मागून आवाज देऊन रायली, तो पाहूनच नाही रायला. मले वाटलं घरचं भांडन असन. चपला घालून येतोच म्हनलं मागून."

"काय म्हणून आवाज देत होती?"

"गजू, गजू करत होती."

राजूनं माझ्याकडे पाहिलं. ते माझं घरचं नाव. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे पुढे गेली ती मायच.

आम्ही तिघं धावलो. रस्त्याचं डांबर निघालं आहे, मधोमध गवत आहे, तरी वळणं तीच. पायांना ती पाठ होती, मला त्यांना काही सांगावं लागलं नाही. शेवटच्या वळणानंतर जिथे वेस लागायची तिथे खाणीच्या कडेनं मातीचा बांध घातलेला आहे. बांधापलीकडे खोल खड्डा आहे हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी खड्डा दिसत नव्हता. तो काठोकाठ धुक्यानं भरला होता. बांधाच्या पुढे ते पांढरं सपाट पसरलेलं होतं, बरोबर पूर्वी गाव होतं त्याच उंचीवर.

माय बांधावर उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, केस सगळे भिजलेले. माझी पाठमोरी माय मी इतकी लहान कधी पाहिली नव्हती. हाक मारली तर दचकून पाय घसरेल म्हणून मी हाक मारली नाही, जवळ जाऊन तिचा दंड घट्ट धरला.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पुढे धुक्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तू मागून कसा आला?"

"मी गाडीतच होतो वं माय. उमरेडहून आलो आत्ता."

"नाही. तू पुढं चालून रायला होता. तुहीच चाल, तुहाच दुपट्टा. म्या हाका मारल्या त तू मागं पायतच नाही." मग तिनं हातानं धुक्याकडे दाखवलं. "इथं थांबला बी नाही. रस्ता हाय असा सरका, नाकासमोर गेला."

पहारेकऱ्यानं बांधावर चढून बॅटरी मारली, शिट्ट्या वाजवल्या. त्याच्या साहेबांना फोन लावला, खाली कामावर असलेल्या लोकांना विचारलं, दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा पाहिलं. कोणी पडलेलं नव्हतं. कोणी हरवल्याचंही कोणी सांगायला आलं नाही. मला असं वाटतं की आपल्यातलाच कोणीतरी असेल. आपण सगळेच अधूनमधून तिथे जाऊन येतो आणि घरी सांगत नाही, हे मला माहीत आहे. पाहून झालं असेल आणि बांधाच्या कडेकडेनं दुसरीकडून निघून गेला असेल. ग्रुपवर मी विचारलंही, त्या शनिवारी फाट्यावर कोण उतरलं होतं. तुम्ही एकमेकांना हसायच्या खुणा पाठवल्या. मी होतो, असं एकानंही लिहिलं नाही.

पण ते नंतरचं. बांधावर उभा असताना मी मायवर चिडलो. घाबरलो की मी चिडतो, तुम्ही ओळखता मला. म्हणालो, "असं कोणाच्याही मागं जाते का वं? ह्या चिखलात? पडली असती म्हणजे?"

माय शांतपणे म्हणाली, "कोनाच्याही मागं कायले जाईन? म्या म्हनलं, माहा गजू गावाकडं चालला. सांगून जाईन त मी नाही म्हनीन, म्हनून गपचूप चालला. मले लय आनंद झाला होता गा."

राजू दुसरीकडे पाहू लागला. मला रडू आलं, आणि झडीत ते लपलं नाही, कारण झडीचं पाणी थंड असतं आणि मायनं माझ्या गालाला हात लावला. इतक्या वर्षांत मी तिला फ्लॅट दिला, लिफ्ट दिली, औषधं वेळेवर दिली. गावाकडं चाल म्हणून मात्र मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं. काय दाखवणार, खड्डा? तिला तेवढंही पुरलं असतं. तिला गाव परत नको होतं. तिचा मुलगा त्या रस्त्यावर चालताना तिला पाहायचा होता.

परत येताना तिनं दंड धरू दिला नाही. म्हणाली, "तू पुढं चाल. म्या मागून येतो." आणि माझ्या शर्टाची मागची कड मुठीत धरून ती फाट्यापर्यंत आली.

तेव्हापासून हाच रिवाज पडला आहे. झडीचा शनिवार असला की आता आम्ही बसनंच निघतो आणि फाट्यावर उतरतो. ऊन असेल तेव्हा उमरेडला जातो, झड असेल तेव्हा गावाला. पहारेकरी ओळखीचा झाला आहे, तो दांड्याच्या पुढे जाऊ देत नाही, पण त्याच्या खोलीत बसवून चहा देतो. माय दांड्यापाशी उभी राहून रस्त्याकडे पाहते. मग आम्ही पुढची गाडी धरतो. गर्दीत ती माझ्या मागेच उभी राहते, शर्टाची कड धरून. कोणी जागा दिली तरी आधी मला खुणेनं विचारते आणि मगच बसते. तुम्ही विचारता ना, आता गाव म्हणजे काय राहिलं? बंगलोरवाले फार विचारतात. माझ्यापुरतं सांगतो. पाठीशी शर्टाला जो हलका ओढा लागतो, तो. तो आहे तोवर मी कुठूनतरी आलो आहे.

आता शेवटचं, परवाच्या शनिवारचं. पुन्हा तशीच झड, काचा तशाच काळ्या, गाडी तशीच मुकी. मायला ताप येऊन गेला होता, म्हणून फाट्यावर न उतरता थेट बहिणीकडे जायचं ठरलं होतं. मी उभा होतो, शर्टाला मागून ओढा लागत होता, आणि मी नेहमीसारखा निवांत होतो. डोंगर सुरू झाला तेव्हा सहज माझी नजर खाली गेली. माय माझ्या पुढ्यातल्या बाकावर खिडकीशी बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. तिला बसून बराच वेळ झाला होता. मीच तर जागा करून दिली होती.

शर्टाची कड तरीही कोणीतरी धरलेली होती.

मी मागं पाहिलं. लगेच पाहिलं. मागे ओले, दमलेले, त्या पिवळट उजेडातले चेहरे. एकही ओळखीचा नाही, आणि कोणाचा हात माझ्या शर्टाकडे नाही. कंडक्टरनं गावाचं नाव पुकारलं. गाडी थांबली. मी अंग चोरून बाजूला झालो, उतरणाऱ्याला वाट द्यायला. माझ्यामागोमाग बाकीचेही सरकले, न विचारता, दारापर्यंत एक सरळ वाट झाली, आणि पाठीवरचा ओढा सुटला. दार लागलं. घंटी वाजली.

माय खिडकीतून तोंड न वळवता म्हणाली, "कोन उतरलं गा?"

मी म्हणालो, "आपल्याच गावचं होतं कोणी."